माझे लोकं येऊन राहिले

नंदाचा फोन आला तेव्हा मी बोरगावच्या बागेत संत्र्याला पाणी देत होतो. हाताला चिखल, म्हणून फोन खांद्यात दाबून धरला. नंदा ही माझी धाकटी बहीण, पांढुर्ण्याला दिलेली. "दादा, याईले गाडीत काहीतरी झालं म्हणते. नरखेडले उतरवलं. स्टेशनवरचा माणूस घरी सांगाले आला होता." तिला धाप लागली होती. आपल्याकडे कोणीही पहिला जो प्रश्न विचारतो तोच मी विचारला, की सोबत कोण आहे? "सोबत तं सारेच आहेत ना! विलासभाऊ आहेत, पूरा डब्बा आहे," ती म्हणाली. आणि खरं सांगतो, ते ऐकून माझ्या जिवात जीव आला. तिचे 'याई' म्हणजे मधुकर, नंदाचे यजमान आणि माझा कॉलेजपासूनचा दोस्त. वर्षानुवर्षं पांढुर्णा-नागपूर अपडाउन करायचा, त्याच गाडीनं, त्याच माणसांबरोबर. एवढी माणसं भोवती असल्यावर मधूला काय होणार आहे, असं स्वतःशी म्हणत मी पायसुद्धा नीट न धुता निघालो.

नरखेडच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. नंदा व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. जवळ शेजारची एक बाई, तिला नंदानेच घरून सोबत आणलं होतं. बाकी कोणी नाही. मी इकडेतिकडे पाहिलं. वाटलं, विलास औषध आणायला गेला असेल, बाकीचे डॉक्टरांपाशी असतील, कोणी चहा सांगायला... "कुठे आहेत सगळे?" मी विचारलं. नंदा म्हणाली, "नागपूरले गेले म्हणते." त्या वेळी त्या वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरलाच नाही. समोर मधू होता, चादरीखाली, पायात मोजे तसेच. एका वेळी माणसाला एकच गोष्ट कळते.

मधू मूळचा सावरगावचा, म्हणजे जाम नदीच्या पलीकडचा. आम्ही पांढुर्ण्याच्या कॉलेजात असताना त्याला यावरून फार पिडायचो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, एका काठावर सावरगाव आणि दुसऱ्यावर पांढुर्णा, मधोमध दगडांचा पाऊस. "तू कोणत्या काठावर उभा राहशील बे?" असं विचारलं की तो म्हणायचा, "मी घरी बसून कालची पुरणपोळी खाईन." असा माणूस. कोणाशी वैर नाही, सगळ्यांना धरून. मी सौसरहून बसनं यायचो, भांडणं उकरून काढायचो, आणि ती मिटवायचं काम त्याचं. पुढे मी सौसरला मास्तर झालो, तो नागपूरच्या एका सरकारी दफ्तरात बाबू लागला, आणि एक दिवस त्याच्या घरून नंदासाठी मागणी आली. मी तणतणत सावरगावला गेलो. म्हटलं, "मध्या, साल्या, आमच्या घरी जेवायला येत होता का पोरगी पाहायला?" तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आता साला तू झाला, गुरुजी. अन् मध्या नाही, जवाईबापू म्हणाचं." त्या दिवसापासून चारचौघांत जवाईबापू आणि एकट्यात मध्या, असं आमचं शेवटपर्यंत चाललं.

नागपूरला खोली घेऊन राहणं त्याला जमलं असतं. पण म्हातारी आई इकडे, घर इकडे, आणि "आपल्या पाण्याशिवाय झोप येत नाही" हे त्याचं कारण. म्हणून अपडाउन. ज्यांनी अपडाउन केलं नाही त्यांना हे प्रकरण कळायचं नाही. सकाळची पॅसेंजर, ठरलेला डबा, ठरलेली माणसं; कोणी बँकेतलं, कोणी शाळेतलं, कोणी कचेरीतलं. ही सगळी स्वतःला 'डब्बा' म्हणवून घेत. वाढदिवस डब्यात, बढतीचे पेढे डब्यात, लेकीच्या लग्नाची पहिली पत्रिका देवासमोर आणि दुसरी डब्यात. नंदा चिडून म्हणायची, "तुमचं घर नेमकं कोणतं, हे का तो डब्बा?" विलास हा त्यांचा म्होरक्या. मधूच्याच गल्लीतला. डोळ्याला चष्मा, कपाळाला पिवळंधमक अष्टगंध, आवाज असा की गाडीची शिटी लाजावी. मधूच्या घरी त्याला आमंत्रण लागत नसे. सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचा, "वहिनी, चहा ठेवा, मी आलो" म्हणून.

आता त्या नाटकाबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. आमला, बैतूलकडून भरून आलेल्या गाडीत पांढुर्ण्याला चढणाऱ्याला बसायला कुठली जागा? मधूनं त्यावर इलाज काढला होता. डब्यात पाय ठेवला की छातीवर हात, डोळे अर्धे मिटलेले, आणि बारीक आवाजात, "जीव घाबरून राहिला वो..." मागून विलास गर्जायचा, "सरका, सरका! पेशंट आहे, हवा येऊ द्या!" लोक भले असतात हो. अख्खा बाक मोकळा करून देत. कोणी पाणी देई, कोणी पेपरनं वारा घाली, एखादी म्हातारी पिशवीतून लिंबू काढून नाकाशी धरी. गाडीनं वेग घेतला की पेशंटला हळूहळू आराम पडे, तो उठून बसे, आणि मोकळ्या झालेल्या बाकावर डब्ब्यातला एकेक जण टेकत जाई. मधूनं हे पहिल्यांदा साभिनय करून दाखवलं तेव्हा मी हसून हसून बेजार झालो होतो. नंदा हसली नाही. "असं अभद्र खेळू नका," एवढंच म्हणून आत गेली.

मग एकदा गाडीत खराखुरा डॉक्टर निघाला. भोपाळकडून आलेला तरुण पोरगा. त्यानं मधूला झोपलेलं पाहिलं, बॅगेतून यंत्र काढलं आणि दंडाला पट्टा गुंडाळायला लागला. विलास मध्ये पडला, "राहू द्या डॉक्टरसाब, याले होते असं, आपोआप बरा होते." डॉक्टरनं ऐकलं नाही. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, आणि वाकून म्हणाला, "काकाजी, अ‍ॅक्टिंग तो बढिया है आपकी. पर बीपी असली है. आज ही दिखाओ किसी को." डब्यात असा हशा पिकला म्हणता! मधूही हसला. पण त्याच संध्याकाळी दाखवून आला, गोळ्या सुरू झाल्या, आणि नाटक बंद. मला तो स्वतः म्हणाला होता, "गुरुजी, आता उभ्यानंच जाऊन राहिलो. देवानं एकदा हसून सांगितलं, दुसऱ्यांदा हसणार नाही तो." गोळ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा आणि डब्ब्यातल्या प्रत्येकाला त्यानं तो कप्पा दाखवून ठेवला होता. "मले काही झालं तं इथं आहेत बरं का," असं सांगून.

विलासचंही एक सांगायला हवं. एकदा गाडीत त्याची शुगर एकदम खाली आली. घामानं शर्ट भिजला, बोलणं बरळल्यासारखं. मधूनं त्याच्या तोंडात साखर घातली, गार्डपर्यंत निरोप पोचवला, गार्डनं पुढच्या स्टेशनला कळवलं, आणि काटोलला स्ट्रेचर घेऊन माणसं उभी होती. मधू त्याच्यासोबत उतरला. दफ्तर बुडवून दिवसभर दवाखान्यात त्याच्या उशाशी बसला आणि संध्याकाळी हाताला धरून त्याच्या बायकोच्या हवाली केला. हे मला मधूनं सांगितलेलं नाही. विलासच सांगायचा, दर वेळी डोळ्यांत पाणी आणून. माझ्या भाचीच्या, म्हणजे मधूच्या मुलीच्या लग्नात तर त्यानं माइक हातात घेऊन सांगितलं, "मधूभाऊ होता म्हणून मी आहो." मांडवातल्या बायकांनी डोळ्याला पदर लावले होते.

मधू गेला त्या संध्याकाळी विलास घरी आला. हातात मधूची पिशवी. ती गाडीच्या फळीवर राहिली होती, नागपूरला जाऊन परत आली होती. आत जेवणाचा डबा तसाच भरलेला, फोन, आणि बाहेरच्या कप्प्यात गोळ्या. नरखेडच्या लोकांना त्याच्या खिशात फक्त रेल्वेचा पास सापडला, त्यावरून त्यांनी पांढुर्ण्याला कळवलं, म्हणून आम्हाला पत्ता तरी लागला. विलासनं अंगणातच बसकण मारली आणि मोठ्यानं रडायला लागला. "वहिनी, आमाले वाटलं नाटक करून राहिला! नेहमीसारखं! देवाशपथ सांगतो... गार्डनं कवा उतरवलं, गाडी कवा सुटली, आमाले समजलंच नाही." त्याच्या रडण्यानं बायका पुन्हा रडायला लागल्या. मी म्हटलं, "पण त्यानं तर ते सोडलं होतं ना?" विलासनं नाक पुसलं. "अधूनमधून करे, गुरुजी. तुमाले सांगत नव्हता." मी मनाशी म्हटलं, असेल. मधू मला सगळंच सांगत होता, असं कशावरून?

आणि मग ती गोष्ट गावात फिरायला लागली. माणूस हार्टनं गेला यात सांगण्यासारखं काय असतं? पण नाटक करता करता गेला, यात मजा आहे. पानठेल्यावर तेच, कटिंगच्या दुकानात तेच. तेरवीच्या पंगतीत माझ्या पाठीला पाठ लावून बसलेला एक गृहस्थ शेजाऱ्याला रंगवून सांगत होता, आणि शेजारी भात कालवता कालवता हसत होता. मी ताटावरून उठलो. बायकोनं हात धरला म्हणून, नाहीतर त्या दिवशी वरणाची बादली कोणाच्या तरी डोक्यावर गेली असती. लोकांचं सोडा. माझी भाची मुलताईला दिली आहे, तिला सासरचे पाहुणे हसू दाबून विचारत आणि ती विषय बदलत असे, स्वतःच्या बापाचा विषय. पण सगळ्यांत वाईट नंदाचं. ती रडेचना. तिला राग होता, आणि तो राग मधूवर होता. "मी सांगत होती ना, दादा? अभद्र खेळ खेळले, अन् खेळच खाऊन गेला." त्याच्या फोटोकडे ती पाहत नव्हती. हार घालायची वेळ आली तेव्हा मुलीला पुढे केलं. मधू गेल्याचं दुःख होतंच, पण आयुष्यभर सगळ्यांना धरून राहिलेला माणूस बायकोच्या मनात मूर्ख ठरून गेला, हे मला सहन होत नव्हतं.

तेरवीनंतर काही दिवसांनी मी नरखेडला गेलो, तो काही चौकशीला नव्हे. ज्या परक्या माणसांनी मधूला उचललं, धरलं, दवाखान्यात पोचवलं, त्यांना दोन शब्द बोलायचे राहून गेले होते. स्टेशनवरचे लोक साधे, मोकळे. म्हणाले, डब्यातल्या कोणा कॉलेजच्या मुलीनं रेल्वेच्या मदतीच्या नंबरला फोन लावला, तिकडून गार्डला, गार्डकडून इकडे निरोप आला. गाडी फलाटाला लागायच्या आधी स्ट्रेचर बाहेर काढलेलं होतं, अँब्युलन्स दाराशी उभी होती. "आमच्या हातून जेवढं झालं तेवढं केलं, गुरुजी," एक जण म्हणाला. मग त्यानं फलाटावरच्या चहावालीकडे बोट दाखवलं. "ही बाई बसली होती त्यांच्याजवळ. हिला भेटा."

चहावालीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमी त्याईचे कोण?"

"साळा."

"त्या दिवशी गाडीत होते का?" आवाज चांगलाच कडक होता.

"नाही जी. मी सौसरला असतो."

"मंग बसा," ती म्हणाली, आणि न विचारता चहा ओतला. "त्याईले खाली घेतलं तवा स्टेशनच्या साहेबानं इचारलं, पेशंटसोबत कोण आहे? दोनदा इचारलं. दारात माणसंच माणसं. तं एक जण म्हणे, कोणी नाही, एकटा आहे."

मी विचारलं, कोण म्हणालं? ती म्हणाली, "नाव मले काय मालूम जी? चष्मा होता. कपाळाले पिवळा गंध. आवाज मोठा, माह्या ठेल्यापर्यंत आला." माझ्या हातातला चहा हातातच राहिला. पण तिचं सांगणं संपलं नव्हतं. "मले तवाच वाटलं, हे खोटं बोलून राहिले. कामून का ते काका अँब्युलन्समंदी बसेचना. या खांबाले धरून ठेवलं. घाम चालला होता नुसता, बोलताही येईना नीट, तरी म्हणे, थांबा, माझे लोकं येऊन राहिले. साहेब म्हणे, कोणी नाही काका, चला. तं म्हणे, नाही, आहेत ना, सामान घेऊन राहिले असतील. मंग गाडी हालली. गेली पूरी. तरी म्हणे, मांगच्या दारानं उतरले असतील, पाहा ना बाई जरा. मी गेली पाहाले. प्लाटफारम रिकामा. आता त्या माणसाले काय सांगू? मी परत आली अन् म्हटलं, हाव जी, येऊन राहिले ते, तुमी बसा गाडीत. तवा खांब सोडला त्याईनं."

मी त्या खांबाकडे पाहत राहिलो. लोखंडी, निळा रंग दिलेला, इतर खांबांसारखाच एक खांब.

आमच्या बोलीतल्या या 'राहिले'ला पुण्या-मुंबईचे लोक हसतात. मी स्वतः जन्मभर शाळेत पोरांच्या वहीत ते खोडून 'येत आहेत' असं लिहिलं. पण 'येत आहेत'मध्ये ती खात्री नाही हो. 'येऊन राहिले' म्हणजे निघाले, वाटेत आहेत, आता दिसतील. मधू ते आशेनं नव्हता म्हणत. सूर्य उगवतो इतक्या खात्रीनं म्हणत होता, कारण त्याच्या जागी दुसरा असता तर तो स्वतः उतरला असता, आणि माणूस दुसऱ्याला आपल्यावरूनच मोजतो. तेवढ्या वेळानं फरक पडला असता का? दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना मी विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही. गोटमारीत माणसं मरतात, डोकी फुटतात, मी त्या प्रकाराच्या कायम विरुद्ध आहे. पण तिथं दगड पलीकडच्या काठावरून येतो. आपल्या काठावरच्या माणसाकडे बिनधास्त पाठ करून उभं राहता येतं.

तिथून मी थेट पांढुर्ण्याला गेलो आणि नंदाला जसंच्या तसं सांगितलं. चहावालीचा एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. ती तांदूळ निवडत होती. मी सांगत असताना तिची बोटं चालूच होती, मग थांबली. रडेल असं वाटलं, रडली नाही. मग म्हणाली, "दादा, विलासभाऊ कालच फोटो घेऊन गेले." या महिन्यात मधू रिटायर होणार होता. त्यानिमित्त डब्ब्यानं गाडीतच श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवला होता, खिडकीला फोटो बांधून, हार घालून. मलाही निरोप होता, की गुरुजींनी दोन शब्द बोलावे. आधी मी जाणार नव्हतो. नंदानं सुपातले तांदूळ डब्यात ओतले, झाकण लावलं आणि म्हणाली, "तू जा. फोटो घेऊन ये."

कार्यक्रमाच्या सकाळी मी पॅसेंजरमध्ये बसलो. माझ्यासाठी खिडकीची जागा राखून ठेवली होती. समोर गजाला सुतळीनं बांधलेला मधूचा फोटो, झेंडूचा भरगच्च हार, उदबत्ती लावायची नाही म्हणून नुसतीच खोचून ठेवलेली. पेढे वाटले गेले. विलास बोलायला उभा राहिला. छान बोलतो तो. "मधूभाऊ आपल्या सोबत होते, सोबत आहेत अन् सोबत राहतील," असं म्हणून त्यानं आवंढा गिळला. मग म्हणाला, पण मधूभाऊंना रडणं आवडत नव्हतं, त्याईची आठवण हसूनच काढाची. आणि भर डब्यात त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला, डोळे अर्धे मिटले, आणि बारीक आवाज काढला... "जीव घाबरून राहिला वो..." सगळे हसले. हसता हसता काहींनी डोळे पुसले. "गुरुजी, आता तुमी," विलास म्हणाला.

मी उभा राहिलो. म्हटलं, "मला भाषण करायचं नाही. एकच विचारायचं आहे. नरखेडला साहेबानं विचारलं, सोबत कोण आहे. तेव्हा 'एकटा आहे' असं सांगणारा कोण ते मला माहीत आहे. का सांगितलं, ते त्यानं सांगावं."

विलासनं चष्मा काढला, परत लावला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. "गुरुजी... दफ्तरात हजेरीले अंगठ्याची मशीन बसली ना नवीन. सोबत आहो म्हटलं असतं तं उतराच लागलं असतं. मले वाटलं, दुसरा कोणी उतरून राहिला. सगळ्याईले तसंच वाटलं."

"आणि नाटक?"

मागून कोणीतरी, मान खाली घालूनच, म्हणालं, "नाटक नव्हतं जी ते. ओठ काळेनिळे झाले होते त्याईचे. आमी पाहिले."

"मग माझ्या बहिणीला नाटक सांगितलंस कशाला, रे..." यापुढे मी जो शब्द वापरला तो पेपरच्या पुरवणीत छापता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा वापरला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. विलासचे डोळे भरून आले. या वेळचं पाणी खरं होतं, हे मी कबूल करतो. म्हणाला, "वहिनीसमोर दुसरं काय सांगाचं होतं, गुरुजी? तुमीच सांगा, काय सांगाचं होतं?"

मला वाटलं होतं तो नाकारेल, चिडेल, शपथा घेईल. तशी तयारी करून गेलो होतो. पण त्याला ते अगदी साधं वाटत होतं. स्वतःला तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून मेलेल्या मित्राच्या अंगावर एक थट्टा टाकली, मित्र काही बोलायला येणार नव्हता. ज्याच्या हाताला धरून हा काटोलहून घरी आला, त्याच्याच बाबतीत.

गाडी हळू झाली. नरखेड आलं. मी सुतळीची गाठ सोडायला लागलो, ती सुटेना, दातानं तोडली. फोटो हारासकट काखेत घेतला आणि दाराकडे निघालो. विलास मागे आला. "गुरुजी, नागपूर लांब आहे अजून. फोटो आमी आणून देतो ना संध्याकाळी."

"राहू दे," मी म्हटलं. "याच्या सोबत मी आहे."

मी उतरलो. वळून पाहिलं तर विलास दारात उभा होता, दांडीला धरून. एक पाय त्यानं खालच्या पायरीवर ठेवला होता. मला वाटलं... काय वाटलं ते जाऊ द्या. गाडी हालली आणि त्यानं पाय वर घेतला. चहावालीनं माझ्या काखेतला फोटो ओळखला. बाकावरची तिची भांडी उचलून मला जागा करून दिली. परतीच्या गाडीपर्यंत आम्ही तिथं बसलो.

पांढुर्ण्याला घरी पोचलो तेव्हा नंदा दारातच उभी होती. तिनं फोटो हातात घेतला, झेंडूचा हार काढून अंगणातल्या झाडाच्या बुडाशी ठेवला आणि पदरानं काच पुसली. कोपरे पुसले, चौकटीच्या फटीत अडकलेल्या पाकळ्या नखानं काढल्या. मला विचारलं, "कोणी उतरलं का तुह्या मांगं?"

"नाही."

तिनं मान हलवली. बैठकीत मधूच्या पिशवीची खुंटी आहे, पिशवी अजून तिथंच टांगलेली आहे, गोळ्या बाहेरच्या कप्प्यात. तिच्या वरच्या खिळ्याला तिनं फोटो लावला, वाकडा वाटला म्हणून सरळ केला, आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मी मागेच उभा होतो, पण ती माझ्याशी बोलत नव्हती.

"मी असती तं उतरली असती वो," ती म्हणाली. "अशीच उतरली असती, बिनचपलेची."